वीस मार्कांचं तोंड

शाळेत सगळ्यात जास्त खोटं कुठल्या परीक्षेत बोललं जातं, सांगा. गणितात नाही, तिथं खोटं बोललं की आकडा बोंबलतो. इतिहासात पुस्तकच आधी खोटं बोलून मोकळं झालेलं असतं, पोराला वेगळी मेहनत लागत नाही. सगळ्यात जास्त खोटं बोललं जातं ते इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत. मास्तर खुर्चीत. पोरगी समोर उभी. मधे टेबल, टेबलावर मार्कांचा कागद. मास्तर विचारतो, व्हॉट आर द रूल्स ऑफ युवर स्कूल? पोरगी म्हणते, वुई मस्ट बी पंक्चुअल, वुई मस्ट वेअर क्लीन युनिफॉर्म. मास्तर विचारतो, हू इज युवर फेव्हरेट टीचर? पोरगी त्याच्याच तोंडाकडं बघून त्याचंच नाव घेते. मास्तर मार्क मांडतो. नेक्स्ट.

दोन मिनिटांचा खेळ. याला शासन म्हणतं संभाषणकौशल्य.

मी जालन्याचा. मस्तगडच्या सावलीत वाढलो. १७२५ साली आसफजाहच्या हुकमानं काबिलखानानं ही गढी बांधली. गढी कशाला बांधतात? आतल्यांना आत आणि बाहेरच्यांना बाहेर ठेवायला. तिचे बुरूज ढासळले, पण दरवाज्यात उभं राहून 'कोण रे तू?' विचारायची सवय काही ढासळली नाही. ती गढीतून उठली आणि शाळेत जाऊन बसली. माझा बाप सळईच्या कारखान्यात भट्टीवर होता. मी दिवसा एका बियाण्याच्या दुकानात हिशेब लिहितो आणि संध्याकाळी विहारात वस्तीतल्या पोरापोरींना इंग्रजी बोलायला शिकवतो. फी नाही. दोन चटया, एक फळा, वर बुद्धाचा फोटो. तेव्हा माझी तक्रार बाहेरच्या माणसाची नाही. तोंडी परीक्षेतलं हे खोटं मीच पाठ करून घेतो. आठ वर्षं घेतोय. म्हणून पहिलं खेटर माझ्याच तोंडावर मारून घेतो, मग बाकीच्यांकडं वळतो.

या हिवाळ्यात दहावीच्या चौदा जणांची तयारी चालली होती. मी खुर्चीत बसलो, मास्तर झालो. एकेकाला उभं केलं. सगळ्यांनी पंक्चुअल, क्लीन, ओबेडियंट म्हणून दाखवलं. मग एक पोरगी उठली. आई पहाटे चार घरची भांडी घासते, पोरगी घरचा स्वयंपाक उरकून शाळेत जाते. मी विचारलं, व्हॉट आर द रूल्स ऑफ युवर स्कूल? ती म्हणाली, सर, देअर आर टू काइंड ऑफ रूल्स. सम रूल्स आर ऑन द वॉल. सम रूल्स आर नॉट ऑन द वॉल.

वर्ग हसला. मी पण हसलो. मग म्हणालो, गो ऑन.

ती तुटक्या इंग्रजीत बोलत गेली. क्रियापदं चुकत होती, माणसं चुकत नव्हती. भिंतीवर लिहिलंय, सर्व विद्यार्थी समान. भिंतीवर लिहिलेलं नाही ते असं: शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की वर्गासमोर, एससीची पोरं उभी राहा. झाडायची पाळी रोल नंबरप्रमाणं, पण पाहुणे यायचे असले की रोल नंबर आमच्याच बाकावर येऊन थांबतो. सरांसाठी चहा कुणी आणायचा ते ठरलेलं आणि स्टाफरूममधल्या माठाला कुणी हात लावायचा नाही तेही ठरलेलं. गॅदरिंगला निवेदन करायला 'स्वच्छ उच्चार' लागतात, आणि स्वच्छ उच्चार कुणाच्या घरी पिकतात ते शाळेला न विचारताच ठाऊक असतं. ऊसतोडीला गेलेल्या आईबापामागं पोरगं दोन महिने गेलं की 'यांना शिकायचंच नाही'. आणि मालकाचा पोरगा आठवडाभर लग्नाला गेला की 'अर्ज दिलाय त्यानं'.

हसणं कधीच थांबलं होतं.

मग मी काय केलं? मी म्हणालो, व्हेरी गुड. पण हे परीक्षेत बोलू नको.

ती म्हणाली, "का दादा?"

"मार्क जातील."

"मग इंग्रजी कशाला शिकू राह्यलो आपण?"

दोस्तहो, आठ वर्षांत मला इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी व्याकरणात पळालो. म्हणालो, काइंड्स म्हणायचं, काइंड नाही. पळपुट्या मास्तराची हीच खूण. उत्तर नसलं की तो पोराची चूक काढतो.

घरी आल्यावर मला माझी दहावी आठवली. २०१२ साल. शाळेचं नाव घेत नाही, एकाच शाळेची ही गोष्ट नाही. मला पण हाच प्रश्न आला होता, फेव्हरेट टीचरचा. समोर बसलेल्या सरांनी वर्षभरात मला नावानं हाक मारली नव्हती. 'ए, शेवटचा' हे माझं नाव. मी खरं बोललो असं वाटत असेल तर साफ चुकलात. मी त्यांचंच नाव घेतलं. काइंड म्हणालो, लव्हिंग म्हणालो, लाइक अ फादर म्हणालो. बाप तेव्हा भट्टीसमोर उभा होता. वीसपैकी अठरा पडले. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत बोललो आणि पहिल्याच वाक्यात बाप विकला. ते अठरा मार्क अजून गुणपत्रिकेत आहेत. कुणी मला विचारलं नाही की बाबा, हे कशाचे?

आता हिशेब बघा. ऐंशी मार्क लेखीचे, बोर्डाच्या हातात. वीस मार्क शाळेच्या हातात. पास व्हायला शंभरात पस्तीस. शाळेनं वीसच्या वीस टाकले तर लेखीत पंधरा पुरेत. म्हणजे घरी इंग्रजीचं अक्षर नसलेल्या पोरासाठी हे वीस मार्क दोरखंड आहेत. याच दोरखंडानं तो विहिरीतून वर येतो. आणि दोर ज्याच्या हातात, त्याच्याबद्दलच त्याला विचारायचं, सांग बाबा, दोर धरणारा कसा आहे? खाली लोंबकळणारा काय सांगेल?

२०१९ साली बोर्डानं हा दोर कापून बघितला. नवा अभ्यासक्रम आला, भाषांचे शाळेकडचे मार्क गेले. शाळा मार्कांची खैरात करतात, असं कारण. दहावीचा निकाल आदल्या वर्षी ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आपटला. एकच बोंब झाली. पालक, संस्थाचालक, पुढारी, सगळे एका सुरात. त्याच वर्षी सरकारनं वीस मार्क परत दिले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. कागदावर मराठी मुलूख एका वर्षात हुशार झाला.

मार्क परत आले याचं मला दुःख नाही. आमच्याच पोरांचे गळे त्यात सुटले. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या सगळ्या बोंबाबोंबीत खैरातीबद्दल बोललं गेलं, टक्क्यांबद्दल बोललं गेलं, अकरावीच्या प्रवेशाबद्दल बोललं गेलं. त्या दोन मिनिटांत पोरगं बोलतं काय, त्याला काय बोलायची मुभा आहे, हे कुणी विचारलं नाही. तोंडी परीक्षा परत आली. तोंड परत आलं नाही.

आणि खैरात ही काय चीज असते ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक? खैरात घेणाऱ्याला तोंड नसतं. ज्याला मार्क कमवू दिले जातात तो मास्तराच्या नजरेला नजर देतो. ज्याला मार्क टाकले जातात तो पाया पडतो. व्यवस्थेला पास झालेली पोरं चालतात, दयेनं पास झालेली तर फारच चालतात. कमावलेल्या मार्कांवर हक्क सांगणारी पोरं तिला चालत नाहीत.

आता जरा व्याकरण. इंग्रजीच्या तासाला 'मस्ट' शिकवायला शाळेचे नियम वापरतात. वुई मस्ट कम ऑन टाइम. वुई मस्ट रिस्पेक्ट अवर टीचर्स. सगळी वाक्यं काढा आणि कर्ता बघा. प्रत्येक ठिकाणी 'वुई'. मास्तर कर्ता आणि पुढं मस्ट, असं एक वाक्य दाखवा. संस्थाचालक कर्ता आणि पुढं मस्ट, असं दाखवा. नाही सापडणार. आपल्याकडं मस्ट हे क्रियापद वरून खाली वाहतं, गावच्या पाण्यासारखं. आणि जिथं वरच्यांचा कर्ता यायचा असतो तिथं पॅसिव्ह व्हॉइस येतो. मार्क्स आर गिव्हन. स्टुडंट्स आर पनिश्ड. फॉर्म्स आर रिजेक्टेड. कुणी केलं? वाक्यात माणूसच नाही. जातिव्यवस्था सगळी पॅसिव्ह व्हॉइसमधे चालते. अन्याय होतो, करत कुणी नाही.

पण खरी गोष्ट अशी की मास्तरांसाठी पण मस्ट आहे. तो भिंतीवर नाही, कायद्यात आहे. संविधानाचं कलम १७: अस्पृश्यता संपली, कुठल्याही रूपात पाळायला बंदी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचंही कलम १७ च बघा: लेकराला मारायचं नाही आणि त्याचा मानसिक छळ करायचा नाही. त्याच कायद्याचं कलम २४: शिक्षकानं नियमित आणि वेळेवर शाळेत यायचं, अभ्यासक्रम पुरा करायचा. कलम २८: शिक्षकानं खाजगी शिकवण्या घ्यायच्या नाहीत. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या लेकरांचा, म्हणजे साधारण आठवीपर्यंतचा. दहावीच्या पोरीला कुणी म्हणेल तुला लागू नाही. चालेल. संविधान तर लागू आहे ना? ते वयावर नाही. आणि आठवीपर्यंत ज्या भिंतींमधे ती शिकली त्या भिंतीवर हा कायदा कधी चिकटवला होता का? आमच्या चौदा पोरांपैकी एकानंही पंक्चुअल हा शब्द मास्तराला लावून ऐकला नव्हता. कायद्यात तो शब्द मास्तरालाच लावलाय.

आता कुणी म्हणेल, शाळेच्या नियमांवर इंग्रजीत खरं कोण बोललंय आजवर?

अरे, बोललंय ना. बाबासाहेब बोललेत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' काढून वाचा. इंग्रजीत आहे, सोप्या इंग्रजीत आहे, दहावीच्या पोराला कळेल अशा. त्यात त्यांच्या साताऱ्याच्या शाळेचे नियम आहेत. बसायचं कोपऱ्यात, स्वतःच्या गोणपाटावर. शाळेचा गडी ते गोणपाट शिवणार नाही, म्हणून ते रोज घरी न्यायचं आणि रोज आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. मास्तरांनी सांगायचं, शिपायानं नळ सोडायचा. शिपाई नसला तर तहानलेलं राहायचं. यातला एक तरी नियम भिंतीवर होता का? एक तरी नियम मोडला का कुणी? पुढं मुंबईत एल्फिन्स्टनच्या शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, फारशी घ्यावी लागली. हा माणूस त्याच इंग्रजीत जगाला सांगतो की माझ्या शाळेचे नियम हे होते. जगातली ही सगळ्यात मोठी तोंडी परीक्षा. मार्क द्यायला समोर कुणी बसलं नव्हतं म्हणून ती खरी उतरली.

त्याच्याही आधी, १८५५ साली, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे ही कोवळ्या वयाची मातंग पोरगी महारमांगांच्या दुःखावर निबंध लिहिते आणि तो 'ज्ञानोदया'त छापून येतो. त्या निबंधात 'माझी आवडती शाळा' नव्हती. धर्माला आणि जातीला थेट सवाल होता. लक्षात घ्या, तिचं धाडस होतंच. पण तिच्या मास्तरांचं पण धाडस होतं. पोरीनं खरं लिहिलं तर ते दडपायचं नाही, पुढं न्यायचं, अशी ती शाळा होती. पावणेदोनशे वर्षं व्हायला आली. आज त्या सावित्रीबाईंचा फोटो प्रत्येक शाळेत आहे, तीन जानेवारीला हार आहे. आणि त्या फोटोखाली पोरगी पाठ केलेलं म्हणते.

सगळे मास्तर सारखे, असं मी म्हणत नाही. बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय की ते इंग्रजी चौथी पास झाले तेव्हा वस्तीच्या लोकांनी सभा भरवली. इतर समाजात तेवढ्यासाठी कुणी सभा भरवत नव्हतं. अध्यक्ष होते कृष्णराव अर्जुन केळूसकर, पेशानं शिक्षक. त्यांनी आपण लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्या पोराच्या हातात ठेवलं. बघा, एका इंग्रजीच्या परीक्षेच्या निमित्तानं बुद्ध आला. मास्तरानं उत्तर पाठ करून घेतलं नाही, पुस्तक दिलं. उत्तर त्या पोरानं १९५६ साली दिलं, नागपूरला.

आता मुद्द्याचं. राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांची गोष्ट आपल्यातल्या अनेकांना विहारात ऐकून माहीत असते. मिलिंद प्रश्न विचारणारा राजा. मोठमोठ्यांची बोलती बंद करणारा. तो नागसेनाला म्हणतो, माझ्याशी चर्चा कर. नागसेन आधी एक अट घालतो. विद्वानासारखा बोलणार असशील तर बोलतो, राजासारखा बोलणार असशील तर नाही. राजा विचारतो, फरक काय? नागसेन सांगतो की विद्वानांच्या बोलण्यात कुणी चूक दाखवली तर माणूस ती मान्य करतो, रागावत नाही. राजे एक मत मांडतात आणि जो वेगळं बोलेल त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद ती अट मान्य करतो. मग प्रश्न सुरू होतात.

दोस्तहो, आपल्या तोंडी परीक्षेचं सगळं दुखणं या एका अटीत आहे. आपल्या शाळेत मिलिंद खुर्चीत बसलाय, पण अट मान्य न करता. तो राजासारखा बसलाय, हातात मार्कांचा कागद घेऊन, आणि पोरांना म्हणतो, मोकळेपणानं बोला. बाबासाहेबांनी १९५० साली मराठवाड्यात कॉलेज काढलं, जालन्याहून रेल्वेनं तासाभराच्या वाटेवर, औरंगाबादला. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर. त्या कॉलेजला नाव मिलिंदाचं आणि त्या परिसराला नाव नागसेनाचं, नागसेनवन. दुसरी नावं नव्हती का? प्रश्न विचारणारा आणि अट घालणारा, दोघं एका अंगणात आणून बसवले. आमच्या बापजाद्यांत जे कुणी पहिल्यांदा कॉलेज चढले ते ते अंगण चढले. आणि आम्ही त्यांची लेकरं पोरांना शिकवतो, सर विचारतील ते आणि तेवढंच बोल.

आता उलट बाजूनं येणाऱ्यांकडं वळतो.

एक जण म्हणतो, इंग्रजीचं खूळच सोडा, मातृभाषेत पोरगं मोकळं बोलतं. कोण म्हणतो हे? ज्याचा नातू इंग्रजी शाळेच्या बसमधून उतरतो तो. आमच्या जिल्ह्यात इंग्रजी पहिल्यांदा तोफेच्या तोंडून बोलली, असईला, १८०३ साली. तिची आरती आम्ही ओवाळत नाही. पण मराठीनं तरी आम्हाला कधी बोलू दिलं? मराठीत मास्तर आम्हाला 'ए' म्हणतो आणि पाटलाच्या पोराला 'बाळा'. इंग्रजीत त्याला दोघांनाही 'यू' म्हणावं लागतं. तेवढ्या एका अक्षरासाठी तरी मी इंग्रजी शिकवीन. सावित्रीबाईंनी इंग्रजीला माउली म्हटलं ते उगाच नाही. पण भाषा बदलली म्हणून खुर्ची बदलत नाही, हेही तितकंच खरं. २०२५ साली पहिलीपासून हिंदी आणायचा जीआर निघाला, महाराष्ट्र पेटला, जीआर मागं गेला. कुठली भाषा कितवीपासून, यावर सगळे भांडले. पोरानं कुठल्याही भाषेत मास्तरासमोर काय बोलावं, यावर कुणी भांडत नाही. तिथं सगळ्या भाषाप्रेमींचं एकमत आहे: गप बसावं.

दुसरा म्हणतो, मास्तराची पण दैना बघा. बघितली. विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षं बिनपगारी राबणारा, वीस टक्के अनुदानासाठी मैदानात उपोषणाला बसणारा, निवडणुकीची यादी घेऊन दारोदार फिरणारा मास्तर मी बघितलाय. शिक्षणसेवक नावानं तुटपुंज्या मानधनावर राबलेला माझा मित्रच आहे. त्याला मी विचारलं, तुझ्या संस्थाचालकाबद्दल चार वाक्यं बोल, खरी. तो इकडंतिकडं बघायला लागला. म्हणजे मास्तर पण रोज तोंडी परीक्षाच देतो; त्याचा मार्कांचा कागद संस्थाचालकाच्या टेबलावर. मला त्याची कीव येते. पण एक सांगतो. जो वरच्यासमोर गप बसतो तो खालच्याला गप बसवतो, ही तर जातीची जुनी शिडी. आपल्यावरच्या लाथेचा हिशेब खालच्याच्या पाठीवर चुकवायचा. मास्तरा, तू पोरांबरोबर उभा राहशील तर तुझ्या उपोषणाला आमची वस्ती जेवण सोडून येईल. पोरांच्या पाठीवर उभा राहशील तर तुझी दैना तुझी तू बघ.

तिसरा आपलाच. तो सगळ्यात घातक. तो म्हणतो, आधी मार्क घ्या, शिका, मोठे व्हा, साहेब व्हा, मग खरं बोला. दोस्ता, मी असे शंभर साहेब दाखवतो. दहावीत गप बसले मार्कांसाठी, कॉलेजात गप बसले प्रॅक्टिकलसाठी, नोकरीत गप बसले प्रमोशनसाठी, आता पेन्शनसाठी गप आहेत. चौदा एप्रिलला निळा फेटा बांधून दोन तास बोलतात, ते पण पाठ केलेलं. गप बसणं हा पण सरावच आहे. दहा वर्षं शाळा तो सराव घेते आणि वीस मार्कांची परीक्षा त्यातच घेते. मी त्याच परीक्षेत वीसपैकी अठरा मिळवलेला माणूस बोलतोय. माझं ऐका.

पण मग त्या पोरीला काय सांगायचं? जा, खरं बोल, होऊन जाऊ दे? माझी नोकरी जाणार नाही, तिचे मार्क जातील. दुसऱ्याच्या लेकीच्या गुणपत्रिकेवर क्रांती करणं फार सोपं असतं. चळवळीत असे शूर पण पुष्कळ बघितलेत. पोरांना पुढं घालायचं आणि आपण लेख लिहायचा. आज मी पण लेखच लिहितोय, हे मला कळतं.

म्हणून रविवारी आम्ही मस्तगडला बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ बसलो. चौदा पोरं, त्यांच्यातल्या सहासात जणांच्या आया, आणि मी. मी परीक्षा उलटी केली. पोरं परीक्षक, मी उभा. प्रत्येकानं मला एक प्रश्न विचारायचा, इंग्रजीत. त्या पोरीनं विचारलं, सर, व्हाय डू यू टीच अस टू टेल लाइज? आयांना इंग्रजी कळत नव्हतं, माझा चेहरा कळला. मी म्हणालो, बिकॉज आय अॅम अफ्रेड. ती म्हणाली, ऑफ हूम? मी म्हणालो, ऑफ ट्वेंटी मार्क्स. मग तीच मराठीत म्हणाली, "दादा, एकटीनं बोललं तर वीस मार्क. चौदा जणांनी बोललं तर किती?"

तिथंच ठरलं. ते पोरांनी ठरवलं, मी नाही.

एकीनं खरं सांगितलं तर ती उद्धट ठरते. चौदा जणांनी तेच सांगितलं तर ती शाळेची हकीकत ठरते. म्हणून चौघं पंक्चुअलनेसबद्दल बोलतील, पण स्टुडंट्स अँड टीचर्स असं म्हणून. चौघं संविधानाचं कलम १७ सांगतील, साध्या इंग्रजीत, पाठ करून. पाठच करायचं तर हे करू. तिघं सांगतील की शिष्यवृत्तीचे फॉर्म वर्गात उभं न करता द्यावेत, शुड बी गिव्हन क्वायटली. दोघं झाडायच्या पाळीबद्दल बोलतील. शिवी नाही, कुणाचं नाव नाही, रडगाणं नाही. प्रत्येकाचं एक वाक्य खरं. आणि ती पोरगी शेवटची. ती काय बोलणार ते तिनं आम्हाला सांगितलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी आया शाळेच्या फाटकाबाहेर बसणार आहेत. घोषणा नाही, मोर्चा नाही, डबा घेऊन. मार्क कापले तर लेखी अर्ज तयार आहे: कुणाला किती दिले, कशासाठी किती कापले ते कागदावर द्या. अर्ज पोरांनीच इंग्रजीत लिहिलाय. मी फक्त स्पेलिंग बघितली. दोन चुका होत्या. काइंड्स बरोबर होतं.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. तोंडी परीक्षेला त्याच वर्गाचा एकटा मास्तर नको. शेजारच्या शाळेचा दुसरा माणूस बसवा. कशाला किती मार्क ते पोराला त्याच दिवशी कागदावर दाखवा. शाळेबद्दल विचारायचं तर उत्तराला मार्क भाषेचे द्या, भक्तीचे नको. आणि भिंतीवर पोरांच्या नियमांशेजारी मास्तरांचे आणि संस्थेचे नियम लावा, त्याच आकाराच्या अक्षरात. यात क्रांती कुठली? नुसती नागसेनाची अट आहे. राजासारखं नका विचारू, माणसासारखं विचारा. मग बघा आमची पोरं इंग्रजी कशी बोलतात ते.

आणि दोस्तहो, तुमच्या गावात पण ही परीक्षा होते. परभणीत, बीडात, चेंबूरला, पिंपरीला. तुमच्या वस्तीत पण कुणीतरी माझ्यासारखा संध्याकाळी विहारात बसून लाइक अ फादर पाठ करून घेत असेल. त्याच्याकडं जा. त्याला शिव्या देऊ नका, तो पण वीस मार्कांचाच गुलाम आहे. त्याला चटईवरून उठवा, समोर उभा करा, आणि पोरांना म्हणा, आता तुम्ही विचारा.